पावसाळ्यात म्हातारे होऊ नका: पन्नाशीनंतर या चुका टाळा

आमच्याकडे कोकणात माणूस म्हातारा होतो तो बहुतेक पावसाळ्यात. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या उचलणारे काका गणपतीत भेटतात, तेव्हा पाटावरून उठताना शेजारच्याचा खांदा शोधत असतात. "वय झालं आता," म्हणतात. तीन महिन्यांत एवढं वय होत नाही. त्या तीन महिन्यांत चालणं बंद पडलेलं असतं, ताटातला ताजा मासा गेलेला असतो आणि एखाद वेळी पायही सटकलेला असतो.

"जुनी चप्पल पावसाला बरी"

नवी चप्पल चिखलात कशाला खराब करा, म्हणून तळवा गुळगुळीत झालेली जुनी स्लिपर जूनमध्ये बाहेर काढायची, हा आमचा पिढीजात हिशोब. याच हिशोबापायी दोन वर्षांपूर्वी, वयाच्या 54व्या वर्षी, मी गोठ्याकडच्या पायरीवर आपटले. एका हातात छत्री, दुसऱ्यात दुधाचं पातेलं, धरायला हातच रिकामा नाही. दूध गेलं ते गेलंच, मनगटाचं हाडही मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, "उभ्या उभ्या पडून हाड मोडलं ना, मग हाडांची घनता तपासून घ्या." पाळी गेल्यानंतर बायकांची हाडं भराभर विरळ होतात, हे मला ऐकून माहीत होतं. ते स्वतःला लागू असेल असं वाटलं नव्हतं, इतकंच.

आमच्या पायऱ्या जांभ्याच्या, आणि जांभ्याचा दगड सच्छिद्र. तो पाणी धरून ठेवतो आणि शेवाळ त्यावर आरामात वाढतं. एकदा खरवडून भागत नाही. आम्ही आता दर पंधरा दिवसांनी ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने पायऱ्या घासतो आणि न्हाणीच्या वाटेला बांबूचा कठडा बांधलाय. छत्रीऐवजी रेनकोट, म्हणजे एक हात मोकळा राहतो.

आणि दारातलं ते गोणपाट! पाय पुसायला म्हणून टाकतो, पण गुळगुळीत लादीवर ते माणसासकट सरकतं. खाली रबर असलेलं पायपुसणं आणा. रात्री लघवीला उठताना आधी मिनिटभर खाटेच्या कडेला बसा, मग उभे राहा. एकदम उठलं की रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, आणि त्यात वीज गेलेली असते. बॅटरी उशाशीच हवी.

"दिवसभर हातपाय हलतातच की"

हलत होते, आजोबांच्या काळात. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून बाजार, डोक्यावर भारा. आता दारात रिक्षा येते आणि पाऊस धरला की आपण झोपाळ्यावर. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, साठीनंतर तो वेग वाढतो, आणि उतारवयात सक्तीचं बसणं फार महाग पडतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम, दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि 65 नंतर तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव सांगते. हे सगळं पडवीत होतं.

आधी स्वतःला तपासा. न डुगडुगणारी खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या आणि पाच वेळा उठा-बसा. 15 सेकंदांहून जास्त लागले तर पाय कमजोर झालेत असं समजा. मग रोज दहा-दहा वेळा तेच करा. खांब धरून टाचा उचला, खांब हाताशी ठेवून एका पायावर उभे राहा. गुडघे दुखतात म्हणून हे सोडू नका. मांडीत जोर आला की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

"पेज-पिठी झेपते, बाकी नको"

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद. मग बांगडा-तारली गेली आणि ताटात पेज, पिठी, लोणचं, पापड. पिठीचं नाव झालंय पौष्टिक म्हणून, पण करताना पाहा: चौघांच्या पिठीला कुळथाचं पीठ पडतं दोन मोठे चमचे, साधारण 20 ग्रॅम. त्यात प्रथिनं चार-साडेचार ग्रॅम, म्हणजे माणशी जेमतेम एक. 60 किलोच्या माणसाला दिवसाला निदान 50 ग्रॅम हवीत, उतारवयात थोडी जास्तच. एका अंड्यात सहा मिळतात, कुळथाच्या वाटीभर घट्ट उसळीतही तेवढीच. म्हणून पिठी खुशाल खा, पण सोबत उसळ, अंडं, दूध, कडवे वाल यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असू दे. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरं मीठ. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याच्या आत. सुका बांगडा, खारातली मिरची आणि पापड एका ताटात आले की ती मर्यादा दुपारीच संपते. सुकं कोमट पाण्यात दोनदा भिजवून पाणी फेका आणि कालवणात वरून मीठ घालू नका. "आम्ही सैंधव वापरतो" हे उत्तर मला दर वर्षी मिळतं. सैंधवसुद्धा सोडियमच आहे हो.

"बीपी नॉर्मल आलं, गोळी बंद"

गोळी चालू होती म्हणून नॉर्मल आलं. आमच्या वाडीत याचा एक वेगळा प्रकार आहे: गोळ्या मुंबईहून मुलगा पाठवतो, त्या ऑगस्टच्या आत संपतात आणि तो थेट गणपतीला येतो. मधले पंधरा दिवस कोरडे. मे महिन्यातच पुढचा साठा मोजून ठेवा. ओलाव्याने सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून रोज घेऊ नका. त्यांनी बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो.

मिसरी म्हणजे तंबाखूच, दात घासायला असली तरी. पायाला चीर असताना अनवाणी चिखलात उतरू नका. ताप येऊन पोटऱ्या दुखायला लागल्या तर लेप्टोची (उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची) शंका धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा, काढा करत बसू नका.

आत्याला मागच्या जूनमध्ये पाच उठबशांना 22 सेकंद लागले होते. गणपतीत 14 लागले. रोजच्या दहांतल्या सातव्या उठबशीला अजून खांब धरते, आणि आम्ही बघत असलो की नाही धरला म्हणते.