इंग्रजी वाचनासाठी शिक्षकांना भाषाविज्ञान शिकवताय? या चुका टाळा

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तरी बरीच मुलं धडा खडाखडा वाचतात आणि साधा प्रश्न विचारला की गप्प बसतात. वाचन नेमकं कुठे अडलं हे शिक्षकाला ओळखता यावं, यासाठीच भाषाविज्ञान हवं. एससीईआरटी (शिक्षक प्रशिक्षण पाहणारी राज्याची संस्था), बालभारती आणि भाषाविज्ञानाचा विभाग असलेलं डेक्कन कॉलेज, हे सगळं पुण्यातच आहे. जाणकारांची वानवा नाही. चुकतं ते प्रशिक्षणाच्या आखणीत.

संज्ञांचं पाठांतर

पहिला दिवस मुखाच्या आकृतीत आणि इंग्रजीच्या ४४ ध्वनींच्या तक्त्यात जातो. शिक्षक चिन्हं उतरवून घेतात आणि वही मिटतात. त्याऐवजी मराठीपासून सुरुवात करा. मराठीत ‘क’चं नाव आणि ध्वनी एकच. इंग्रजी ‘ए’ मात्र कॅट, केक, कार, बॉल, अबाउट या पाच शब्दांत पाच तऱ्हांनी वाचला जातो. म्हणून ‘सी-ए-टी कॅट’ घोकून अक्षरांची नावं पाठ होतात, वाचन येत नाही. आय-जी-एच-टी असा गट एकत्र दाखवा: लाइट, नाइट, फाइट, ब्राइट. आणि इंग्रजी शब्दावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहून देणं कृपया बंद करा. मूल मग देवनागरीच वाचतं, खालच्या शब्दाकडे बघतसुद्धा नाही.

उच्चार सुधारण्यासाठी मध्येच थांबवणं

‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना ‘व’ म्हणणारं मूल अर्थ नीट लावत असेल, तर वाचू द्या. ‘फॉर्म’च्या जागी ‘फ्रॉम’ वाचलं तर मात्र थांबवा, कारण तिथे अर्थच बदलतो.

वाक्यरचनेला वेळच न देणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. हे वाक्य घ्या: ‘द डॉग दॅट चेस्ड द कॅट वॉज ब्लॅक.’ काळं कोण, असं विचारलं की अनेक मुलं ‘मांजर’ म्हणतात. शब्द सगळे येतात, तरी चुकतात, कारण ‘द कॅट वॉज ब्लॅक’ हे शब्द शेजारीशेजारी आहेत. मराठीत आपण ‘मांजराच्या मागे धावलेला कुत्रा काळा होता’ म्हणतो. विशेषण नामाच्या आधी येतं आणि कुत्रा ‘काळा होता’ला चिकटून राहतो. इंग्रजीत हाच मजकूर नामानंतर येतो आणि कर्ता क्रियापदापासून लांब पडतो. ‘दॅट चेस्ड द कॅट’ला कंस करायला लावा, कंसाबाहेरचं वाचून घ्या, मग कंस उघडा. शिक्षकांनी पाठ्यपुस्तकातली अशी दहा वाक्यं प्रशिक्षणातच शोधून कंस करावेत. एवढ्या एका सरावासाठी अख्खं सत्र दिलं तरी ते वाया जाणार नाही. सर्वनामांचंही तसंच: ‘इट’ किंवा ‘दे’ दिसलं की ते कोणासाठी आलंय, तिथपर्यंत बाण काढायचा.

निदानाआधी उपाय

गफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये सोपं सूत्र मांडलं: वाचनाचं आकलन म्हणजे शब्द उलगडणं (अक्षरांवरून शब्द वाचता येणं) गुणिले भाषेची समज. गुणाकार आहे, एक बाजू शून्य, तर उत्तर शून्य. म्हणून शंभरेक शब्दांचा उतारा मुलाकडून वाचून घ्या आणि चार प्रश्न विचारा. मग तेवढ्याच अवघड दुसऱ्या उताऱ्याचं तुम्ही वाचन करा आणि पुन्हा चार प्रश्न विचारा. ऐकून कळतं पण वाचून कळत नाही, तर अडचण अक्षरगटांत आहे. ऐकूनही कळत नाही, तर शब्दसंग्रह आणि वाक्यरचनेवर काम करा. तिथे आणखी स्पेलिंग घोकून काही हाती लागणार नाही. उतारा बदलून बघायलाही विसरू नका. कुणाच्या मदतीशिवाय समजायला शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात. दहा अनोळखी असतील तर दोष मुलाचा नाही.

दोन दिवसांची कार्यशाळा आणि प्रमाणपत्र एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या तीन मुलांचं वाचन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून आणावं, आणि महिन्याभराने त्याच मुलांचं पुन्हा. पुढच्या सत्राचे विषय त्या ध्वनिमुद्रणांवरून ठरवा.