जुन्या मशीनवर लिनक्स मिंट: आधी आठ दिवस पेनड्राइव्हवरून

दारव्हा तालुक्यात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मशीन चौथ्या पिढीचं आय-थ्री, रॅम ४ जीबी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. लोकांचे आधार, बँक पासबुक ज्या मशीनवर उघडतात, ते अपडेटशिवाय ठेवणं मला पटेना. म्हणून विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत सिस्टमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घेतली. कमी रॅमवर तीच बरी चालते.

लगेच इन्स्टॉल करू नका, आधी आठ दिवस पेनड्राइव्हवरून चालवून बघा. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाईल. विंडोजवर रुफस नावाच्या प्रोग्रामने त्यावर मिंट चढवा. मशीन सुरू होताना डेलवर एफ-१२, एचपीवर एफ-९ दाबून पेनड्राइव्ह निवडा. मिंट थेट त्यावरूनच चालतं, हार्डडिस्कला हात लागत नाही. थोडं हळू चालेल, आणि बंद केल्यावर केलेलं काम जातं, म्हणून फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. वायफाय, प्रिंटर, स्कॅनर याच दिवसांत तपासा. सातबारा ब्राउझरमध्येच निघतो, त्याची काळजी नको.

खरा अडथळा मराठीचा. एका काकांचा जुना अर्ज उघडला तर नुसती इंग्रजी अक्षरं. "काऊन रे भाऊ, हे काय दिसून राहिलं?" काका घाबरले. फाइल बिघडली नव्हती. ती कृतिदेव या जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती, आणि तो फॉन्ट मिंटमध्ये नसतो. जुन्या मशीनमधली फॉन्टची फाइल आणून टाकली की अक्षरं जागेवर येतात. नवीन टायपिंग मात्र युनिकोडमध्येच करा, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसतं. किबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट ही अक्षरांची मांडणी जोडा: के वर क, जे वर र, डी वर हलन्त (पाय मोडायची खूण). कृतिदेवची सवय असलेल्या बोटांना हे जड जातं. मी रोज दुकान उघडायच्या आधी अर्धा तास गावातल्या लोकांची नावं टाइप करायचो; जोडाक्षरं त्यातच बसली.

आधारसाठी ठसा घेणाऱ्या अंगठ्याच्या मशीनला लागणारा प्रोग्राम, आरडी सर्व्हिस, कॉम्प्युटरवर बहुतेक विंडोजवरच चालतो. तुमचं काम त्यावर असेल तर विंडोज काढू नका, त्याच कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी मिंट टाका. त्याआधी फाइलींची कॉपी बाहेर काढा आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर मिंटमधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होणार नाही. अंगठ्याच्या कामापुरतं विंडोज उघडा, बाकी दिवसभर मिंट.