जुनं अमेरिकन खिशातलं घड्याळ: आधी नंबर, मग स्क्रूड्रायव्हर

एल्जिन, वॉल्थम, हॅमिल्टन या अमेरिकन कारखान्यांची घड्याळं ओळखताना पहिली चूक होते ती केसवरच्या, म्हणजे बाहेरच्या डबीवरच्या, नंबरामुळे. त्या काळी गिऱ्हाईक दुकानात मूव्हमेंट (आतलं यंत्र) एक निवडायचं आणि केस वेगळी. केस बनवणारे कारखानेही बहुधा निराळे. त्यामुळे झाकणाच्या आतल्या नंबरावरून घड्याळाचं वय कळत नाही. तिथला ‘20 वर्षे’ हा शिक्का म्हणजे वरचा सोन्याचा पातळ पत्रा तितकी वर्षं टिकेल ही हमी. आपल्याला हवा तो मूव्हमेंटवर कोरलेला सीरियल नंबर.

तो बघण्यासाठी सुरी हातात घेऊ नका. आधी भिंगातून कड पाहा. बिजागरी नसेल आणि कड सलग असेल, तर झाकण आट्यांचं आहे: तळहात दाबून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. मागे झाकणच नसेल, तर पुढची काचेची कडी आट्यांवरून काढा, चावी (वरचं फिरवायचं बटण) वर ओढा, की मूव्हमेंट बिजागरीवर बाहेर झुलते.

नंबर एकेक आकडा तपासून लिहून घ्या आणि संदर्भग्रंथातल्या त्या कंपनीच्या कोष्टकात शोधा. त्यातून अंदाजे वर्ष, साइझ, ग्रेड (मूव्हमेंटचा प्रकार) आणि ज्वेल (आतले खडे) मिळतात. नंबर गटागटाने दिले जात, म्हणून वर्ष एखाद-दुसऱ्याने मागेपुढे होऊ शकतं. नुसत्या नावावर विसंबू नका. एल्जिनचं ‘बी. डब्ल्यू. रेमंड’ हे नाव 1867 मधल्या त्यांच्या पहिल्या घड्याळावर होतं आणि पुढे कित्येक दशकं 18 आणि 16 अशा दोन्ही साइझमध्ये चाललं. एकाचा बॅलन्स स्टाफ (मागेपुढे फिरणाऱ्या बॅलन्स चाकाचा आस) दुसऱ्यात बसत नाही. साइझ पडताळायला तबकडीखालच्या प्लेटचा व्यास मोजा: 18 साइझ सुमारे 44.9 मिमी, 16 साइझ 43.2, 12 साइझ 39.8. कोष्टक आणि माप जुळलं नाही, तर नंबर पुन्हा वाचा.

वेळ लावायची पद्धतही पुस्तकातच पाहा. रेल्वेची बरीच घड्याळं ‘लिव्हर-सेट’ (पाती ओढून वेळ लावायची) असतात. 1891 मध्ये ओहायोतल्या किप्टनजवळ गाड्यांची टक्कर झाली, त्यानंतर रेल्वेच्या घड्याळांचे नियम कडक होत गेले. चावी ओढली तरी काटे फिरू नयेत, म्हणजे खिशात चुकून वेळ बदलणार नाही, यासाठी ही सोय. पुढची काच काढली की तबकडीच्या कडेला, बहुधा 1 ते 2 च्या दरम्यान, एक बारीक पाती दिसते. ती नखाने बाहेर ओढा, काटे फिरवा, परत आत सारा. हे माहीत नसलं की माणूस चावी जोराने ओढतो आणि पेंडंटमधली (चावीखालच्या मानेतली) दांडा धरणारी स्लीव्ह तुटते. बऱ्याच अमेरिकन मूव्हमेंट केसबाहेर काढल्यावर आपोआप वेळ लावायच्या स्थितीत जातात. तेव्हा चावी भरता आली नाही, तर बिघाड समजू नका.

आता खोलायचं. सर्वांत आधी मेनस्प्रिंगचा (घड्याळ चालवणाऱ्या मुख्य स्प्रिंगचा) ताण उतरवा. मूव्हमेंट केसमध्येच असताना चावी बोटांत घट्ट धरा, थोडी भरा, मऊ लाकडाच्या टोकदार काडीने क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारी खिटी) बाजूला करा आणि चावी बोटांतून हळूहळू सुटू द्या. ताण असताना पॅलेट (चाकांना एकेक दाताने सोडणारी तरफ) काढलं, तर सगळी चाकं भणाणत सुटतात आणि बारीक पिव्होट (आसांची टोकं) मोडतात. मग बॅलन्स कॉकचा (बॅलन्सवरच्या छोट्या पुलाचा) स्क्रू काढा आणि कॉक बॅलन्ससकट उचलून उलटा ठेवा. जड बॅलन्स हेअरस्प्रिंगवर (त्याच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगवर) लोंबकळत राहिला, तर स्प्रिंग कायमची ताणली जाते. प्रत्येक पायरीला फोटो काढा.

धुण्यासाठी घड्याळाचं तयार द्रावण किंवा व्हाइट पेट्रोल, खिडकी उघडी ठेवून आणि ज्योतीपासून लांब. पॅलेटचे खडे आणि रोलर ज्वेल (बॅलन्सखालचा खडा) शेलॅकने (लाखेने) चिकटवलेले असतात. स्पिरिटमध्ये (अल्कोहोलमध्ये) शेलॅक विरघळतो आणि खडे निसटतात. म्हणून पॅलेट आणि बॅलन्सला स्पिरिट लावूच नका. पुलांवरची (चाकं धरणाऱ्या वरच्या प्लेटवरची) नक्षी पॉलिश करू नका, गेली की परत येत नाही.

जुनी निळसर पोलादी मेनस्प्रिंग बाहेर काढल्यावर साधी गुंडाळीच राहिली, तर ती थकली आहे. पुस्तकातली रुंदी, जाडी आणि लांबी पाहून नवी मिश्रधातूची घाला. बॅलन्स सैल होऊन वाकडातिकडा डुलत असेल, तर स्टाफचा पिव्होट मोडलाय. ग्रेडवरून मटेरियल कॅटलॉगात भाग क्रमांक मिळेल. स्टाफ रिव्हेट केलेला (ठोकून पक्का बसवलेला) असेल, तर लेथ (कातयंत्र) असलेल्या घड्याळजीकडेच द्या. ठोकून काढला की बॅलन्सच्या दांडीचं भोक पसरतं आणि चाक वाकडं फिरतं.

जोडताना पॅलेटशिवाय चाकं बसवून चावी दोन-तीन टिचक्या भरा. चाकं सहज धावली आणि शेवटी किंचित उलट फिरली, तर ठीक. तेल बॅलन्स आणि एस्केपला (पॅलेटशी भिडणाऱ्या चाकाला) पातळ, सेंटर व्हीलला दाट, पॅलेटच्या खड्यांच्या तोंडाला कणभर. पॅलेटच्या पिव्होटना अजिबात नाही. ज्वेलच्या वाटीत अर्ध्यापर्यंतच, जास्त झालं तर सगळं ओघळून जातं.

शेवटी चावी पूर्ण भरून 24 तास तबकडी वर ठेवा, मग 24 तास उभं टांगा, आणि दोन्ही फरक लिहून ठेवा. रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करणारी दांडी) अगदी किंचित हलवून पुन्हा एक दिवस थांबा.