पावसाळ्याच्या बेगमीतलं मीठ कमी कसं करावं

डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं की कोकणातल्या घरांत पहिला हात पडतो तो आमटी-भाजीच्या मिठावर. दोन दिवस सगळे तोंड वाकडं करून जेवतात, तिसऱ्या दिवशी ताटात लोणच्याची फोड वाढते आणि मीठ होतं तिथेच येतं. बरण्यांतलं मीठ कुणी धरतच नाही. खारा बांगडा, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला रस), मिठातले गरे, खारातली कैरी, सांडगी मिरची, पापड या सगळ्यांत ते भरपूर असतं, कारण मिठाशिवाय यातलं फारसं काही टिकलंच नसतं. म्हणून सुरुवात बरण्यांपासून करू. त्या रिकाम्या करा असं मी मुळीच सांगणार नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात तेव्हा सुकी मासळीच घराला प्रथिनं पुरवते.

आधी हिशेब मांडा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेतही मर्यादा तीच आहे. म्हणजे दिवसभराचं सगळं मिळून जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. मिठाची नवी पिशवी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम धरलं तर किलोची पिशवी ५० दिवस जायला हवी, आणि तीही बरण्यांतलं मीठ हिशेबात न धरता. मासे धुवायला लागणारं मीठ वेगळ्या डब्यात ठेवा, नाहीतर हिशेब चुकतो.

आता खारा बांगडा. वरचे मिठाचे खडे हाताने झटकून काढा, बांगडा दोन-तीन तुकडे करून भरपूर साध्या पाण्यात भिजत घाला. अर्ध्या तासाने पाणी ओतून द्या आणि नवं घाला. असं दोन-तीनदा करा. शेवटी कडेचा छोटासा लचका तव्यावर भाजून चाखून बघा. तोंडाला नुसता खारटपणा न लागता माशाची चव लागली की झालं. सगळं मीठ निघत नाही, पण बरंच उतरतं. मग ओलं खोबरं, सुकी मिरची, तिरफळं आणि आमसुलाचं तिखलं करा आणि वरून मीठ अजिबात घालू नका. निखाऱ्यावर भाजून पेजेबरोबर खाणार असाल तर एक बांगडा दोघा-तिघांत वाटून घ्या. बोंबील बहुधा मीठ न लावता वलांडीवर (मासळी वाळवायच्या दांड्यांवर) वाळवतात, त्यामुळे घेताना कोळणीला सरळ विचारावं, "मीठ लावलंय काय गो?" बिनमिठाचा माल मिळत असेल तर तोच घ्यावा.

आगळाचंही असंच. आगळात टिकण्यासाठी मीठ घातलेलंच असतं, तरी सोलकढी करताना सवयीने आणखी चिमूटभर पडतं. आधी आगळ घाला, ढवळा, चाखा; बहुतेक वेळा वरून मीठ लागत नाही. घरी रातांब्यांचं आगळ काढत असाल तर रसाचा थोडा भाग बिनमिठाचा ठेवून फ्रीजमध्ये गोठवता येतो.

जेवणात एका वेळी एकच खारट वस्तू ठेवा. लोणचं असेल त्या दिवशी पापड नको. सुकी मासळी असेल तर लोणचं नको. पेजेत मीठ घालूच नका, तोंडी लावायला जे आहे त्यातलं पुरतं. आमटी-भाजीतलं मीठ मात्र थोडं थोडं उतरवा. जिभेला काही आठवडे दिले तर ती कमी मिठाला सरावते, आणि आंबट, तिरफळ, आलं-लसूण, ओलं खोबरं तोवर सांभाळून घेतात.

कमी सोडियमचं मीठ घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. आधी पक्षाघात झालेले किंवा साठी उलटलेले रक्तदाबाचे रुग्ण त्यात होते. काहींना नेहमीच्या मिठाऐवजी पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असं मिश्रण दिलं. त्यांच्यात पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. माझ्या मते ज्यांच्या घरात रक्तदाब आहे त्यांनी याचा विचार जरूर करावा, पण मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कारण काही गोळ्यांनी अंगातलं पोटॅशियम आधीच वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या शिफारशीतही गरोदर बायका, मुलं आणि मूत्रपिंडाचे रुग्ण वगळले आहेत. सैंधव किंवा मिठागरातलं जाडं मीठ हा मात्र उपाय नव्हे. त्यातही सोडियम जवळपास तितकंच असतं आणि आयोडीन घातलेलं नसतं.

पाकिटातल्या फरसाणावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणलं की मीठ किती ते कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ.

हे सगळं सुरू करण्याआधी जवळच्या उपकेंद्रात जाऊन रक्तदाब मोजून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको; पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या उंचीवर टेबलावर ठेवा, मोजताना बोलू नका. महिना-दीड महिन्याने तसंच पुन्हा मोजा. आकडा उतरला म्हणून गोळी मनाने बंद करू नका, दोन्ही नोंदी डॉक्टरांना दाखवा आणि मात्रा बदलायची की नाही ते त्यांना ठरवू द्या.