ब्रश फॉन्टमध्ये पाटी करताय? या चुका टाळा

ब्रशच्या फटकाऱ्याचा नवा फॉन्ट हाती आला की मी आधी एकच ओळ टाईप करतो: 'तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची थाळी'. कोल्हापुरात ही ओळ कुठल्या ना कुठल्या पाटीवर लागतेच. फॉन्टच्या जाहिरातीतल्या नमुन्याला भुलू नका. त्यात 'नमस्कार' छानच दिसतो. कस लागतो तो 'ऱ्या' आणि 'श्श्या'त.

'पांढऱ्या'चं 'पांढर्या' झालं, तर आधी टायपिंग बघा. साधा र घेतला तर रफारच येणार. नुक्त्याचा ऱ घ्या, मग हलन्त, मग 'या'. तरीही ऱ पाय मोडून उभाच राहिला, तर तो अर्धा र फॉन्टमध्ये काढलेलाच नाही. फॉन्ट बदला. सगळीच जोडाक्षरं सुटी पडत असतील तर मात्र दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा. इनडिझाईन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलमधून वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा; जोडाक्षरं नीट जुळवणारी सेटिंग तीच.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे जागा भरायला अक्षरं एकमेकांपासून लांब करणं. इंग्रजी शब्दात ते खपतं. मराठीत शिरोरेषा तुटते आणि 'मिसळ'चे तीन तुकडे होतात. शब्द आडवा ताणला तरी बिघडतोच: काना जाड होतो, शिरोरेषा तेवढीच राहते, आणि एकाच ब्रशने लिहिल्याचा भास जातो. जागा उरली तर उरू द्या किंवा फॉन्टचा आकार वाढवा. चित्रकार आणि सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या (१८९०–१९५४) या कोल्हापुरात रंगाऱ्यांनी हाताने लिहिलेली पाटी अजूनही कुठे कुठे दिसते. जवळ जाऊन बघा. शिरोरेषा एका दमात ओढलेली असते, ब्रश सुकत गेलेला दिसतो तो शब्दाच्या शेवटी.

फॉन्ट तयार करणाऱ्यांनी हेच ध्यानात ठेवायचं. प्रत्येक अक्षराच्या शिरोरेषेला दोन्ही टोकांना खरखरीत कड दिली, तर शब्दात दर अक्षरापाशी सांधा दिसतो. रेषेची टोकं सपाट आणि जराशी एकमेकांवर चढणारी ठेवा. खरखर काना-मात्रांच्या टोकाला शोभते. 'चप्पल'मधल्या दोन्ही प-ना हुबेहूब एकच ओरखडा आला तरी हाताचं सोंग उघडं पडतं. नेहमी लागणाऱ्या अक्षरांची दोन-तीन रूपं काढा. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला 'यात्रा वन' हा फॉन्ट मोफत आहे. त्यातली वळणं मोठी करून अभ्यासा.

रेडियम कटिंगला, म्हणजे चिकट रंगीत शीटमधून अक्षरं कापून घेताना, एकदा माझं अख्खं काम वाया गेलं. अक्षरं कर्व्ह केली होती (फॉन्टमधून आकारात बदलली होती), पण वेल्ड केली नव्हती, म्हणजे जोडून एकसंध आकार केला नव्हता. शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढल्या होत्या, तिथे प्लॉटरने, म्हणजे कापणाऱ्या मशीनने, प्रत्येक सांध्यात आडवा काप घेतला आणि पाटी सोलताना अक्षरं सुटी झाली. तेव्हापासून फाईल पाठवण्याआधी आऊटलाईन व्ह्यूमध्ये (जिथे फक्त कडांच्या रेषा दिसतात) बघितल्याशिवाय मी ती सोडत नाही. ट्रेस केलेल्या ब्रशच्या कडेला नोड्सही (रेषा वळवणारे बिंदू) बेसुमार येतात; ते कमी करा, नाहीतर बारीक टोकांपाशी रेडियम फाटतं.

पत्ता आणि फोन नंबर ब्रशमध्ये कधीच नको. त्यांना साधा ठळक फॉन्ट द्या. दोन ओळी असतील तर वरचा उकार खालच्या वेलांटीला टेकत नाही ना, तेवढं प्रिंटआऊट काढून चार पावलं मागे जाऊन बघा.