हॉवरफ्लाय फोटोवरून ओळखायची तर आधी रंग विसरा

थंडीत कुंडीतल्या सांबाराला (कोथिंबिरीला) फुलं आली की हवेत जागच्या जागी थांबणाऱ्या पिवळ्या-काळ्या माश्या, म्हणजे हॉवरफ्लाय, येतात, आणि अर्धं नागपूर त्यांना मधमाशी समजते. पंखांची एकच जोडी अन् अँटेना एवढीशी, म्हणजे माशीच, यात वाद नाही. घोळ पुढे आहे.

सगळ्यात जास्त चुकतात ते एपिसिरफस बाल्टिएटस आणि इस्किओडॉन स्कुटेलारिस या दोन जाती, कारण दोघींच्या अळ्या मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खातात, म्हणून दोघी एकाच झाडावर भेटू शकतात. पोट बरोब्बर वरून पाहा. एपिसिरफसच्या ३ऱ्या आणि ४थ्या भागावर एक जाड काळा पट्टा आणि त्याच्या पुढे अजून एक बारीक काळी रेघ असते, मिशी कोरल्यासारखी. इस्किओडॉनला ती बारीक रेघ नसते, पण छातीच्या कडेला लख्ख पिवळी पट्टी असते, ब्रशनं ओढल्यासारखी, ती बाजूनं काढलेल्या फोटोत मस्त दिसते.

रंगावर जाऊ नका म्हणतो ते अनुभवानं, डिसेंबरात एक काळपट माशी दिसली तर मी दोन दिवस नवीन जात सापडली म्हणून मिरवून राहिलो होतो, निघाली एपिसिरफसच. कोशात असताना थंडी लागली की ती गडद होऊन निघते.

आता फुटाळा-अंबाझरी तलावांच्या काठावर दिसतात तशा जाडसर, छातीवर उभे पट्टेवाल्या. आधी डोळे झूम करा. ठिपके असले तर एरिस्टॅलिनस, हा बऱ्याच जातींचा गट (त्यातल्या टीनिऑप्स जातीच्या डोळ्यांवर मात्र उभे पट्टे असतात). डोळे साधे असले तर मेसेंब्रियस या दुसऱ्या गटातली असू शकते, मग पंखाची पुढची कड पाहा, तिथला शिरांमधला लांबट कप्पा एरिस्टॅलिनसमध्ये कडेच्या आधीच बंद होते, मेसेंब्रियसमध्ये कडेपर्यंत उघडा राहते. फोटोत इतकं दिसलं तर बाकी सगळं सोडलं तरी चालते खरं म्हणजे. जातीचं नाव द्यायची घाई नको, एरिस्टॅलिनस एवढं लिहून थांबलात तरी कोणी हसत नाही, उगाच तुक्का मारला की हसतात.

आणि डोळे वर एकमेकांना चिकटलेले असले तर बहुतेक नर, मध्ये फट असली तर मादी, ती वेगळी जात नाही बरं का.

म्हणून फोटो किमान ३ काढा: वरून पोट, समोरून डोळे, बाजूनं छाती आणि पंख. सकाळी ऊन तापायच्या आधी जा, तेव्हा बसून राहतात.