परदेशात राउटर घेण्याआधी कनेक्शन बघा

परदेशात नव्या घरी इंटरनेट कशातून येतं, हे कंपनीला विचारल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. टीव्हीची केबल असेल तर डॉक्सिस (केबलवरून इंटरनेट देण्याचं तंत्र) मोडेम लागतो (नवा घेताय तर ३.१ आवृत्तीचाच घ्या), आणि तो कंपनीच्या मान्य यादीत आहे ना, तेही तपासा. टेलिफोनच्या तारेवर बहुधा व्हीडीएसएल (फोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देण्याचं तंत्र) मोडेम लागतो. फायबरला सहसा कंपनीच ओएनटी (फायबरमधला प्रकाशाचा सिग्नल राउटरला समजेल असा करून देणारी पेटी) बसवते. मग नुसता राउटर पुरतो.

मायदेशातला राउटर सोबत नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अडॅप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर विजेची काळजी नाही. खरी अडचण वाय-फायच्या चॅनलची, म्हणजे लहरींच्या ठरलेल्या पट्ट्यांची. २.४ गिगाहर्ट्झवर युरोपात १३ चॅनल चालतात, तर अमेरिकेसाठी बनलेली उपकरणं बहुधा ११व्यावरच थांबतात. राउटरने १३वा चॅनल धरला की अशा लॅपटॉपला नेटवर्क दिसतच नाही, आणि माणूस उगाच पासवर्ड तपासत बसतो.

जर्मनीत १ ऑगस्ट २०१६पासून स्वतःचा राउटर लावण्याचा हक्क कायद्यानेच आहे. मुक्काम थोडाच असेल तर मात्र कंपनीचा भाड्याचा घ्या. परत केल्याची पावती तेवढी जपून ठेवा.